अंगठा वर केला होता

टीव्ही बंद करा आधी. दात काढायचे असतील तर आपापल्या घरी जा. ही आपल्या सोसायटीतल्या जयप्रकाशची गोष्ट आहे, नेव्हीतून रिटायर झालेल्या.

शुक्रवार, सोळा डिसेंबर चौऱ्याण्णव. रात्रीचे साडेआठ. जयप्रकाश बेलापूरहून जवळच्या दिवाळे कोळीवाड्यात सुके बोंबील आणायला निघाला. दहा वर्षं दर शुक्रवारी जायचा, शेवंताबाईकडेच. खिशात एक कागद असायचा. तो तसाच परत यायचा.

शेवंताबाईचा नवरा नंदकुमार त्याचा नेव्हीतला जोडीदार. पंचावन्न साली दोघं विलायतेला ट्रेनिंगला होते, ड्रॅगनफ्लायवर. समुद्रात पडलेल्यांना उचलणारं इंग्रजांचं सुरुवातीचं हेलिकॉप्टर ते. आराखडा अमेरिकेचा, इंजिन इंग्रजांनी स्वतःचं बसवलं. चार माणसं म्हणजे त्याची शिकस्त. नियम एकच. पाण्यातल्याने अंगठा वर केला, की वरच्याने वायर सोडायची.

एक साहेब बुडत होता. नंदकुमारने उडी टाकली, त्याला पट्ट्यात अडकवून वर पाठवलं. मग स्वतःसाठी अंगठा वर केला. पायलट म्हणाला, वजन होईल, तेलही कमी आहे, दुसऱ्या फेरीला बघू. वायर जयप्रकाशच्या हातात होती. याने सोडली नाही! दुसरी फेरी कसली न् काय... रिपोर्टात लिहिलं, अंगठा वर केलाच नाही, त्याला मरायचंच होतं. खाली सही कोणाची? या मुर्दाडाची. पेन्शनपायी! आणि इकडे गावाने त्या पोरीला, शेवंताला, फाडून खाल्लं. नवी नवरी, हिच्यापायीच जीव दिला म्हणे.

खरं काय ते त्या खिशातल्या कागदावर होतं, त्यानेच लिहून सही केलेलं. त्या रात्रीही बोंबील घेतले, तोंड उघडलं नाही. परत फिरला.

जेट्टीपाशी आला. वारा नव्हता. वाळत टाकलेले बोंबील हलायला लागले.

डोक्यावर धडधड. जवळच. दिवा नाही, काही नाही...

खाडीचं पाणी गोल दबलं. ओहोटी होती. गुडघाभर पाणी.

मधून हात वर आला.

अंगठा वर.

जयप्रकाशने डोळे मिटले. उघडले. हात तिथेच. हलेना. बुडेना. वाट बघत...

"दिसला रे," तो म्हणाला. "तेव्हाही दिसला होता."

धडधड थांबली.

तो पळत शेवंताबाईच्या दारात गेला आणि उभ्या उभ्या सगळं ओकला. ती रडली नाही. त्याच्या हातातली पिशवी तिने हिसकावून घेतली.

"धा वर्सां माजे हातचं बोंबील खाल्लंस," ती म्हणाली. "तवा तोंड नवतं?"

त्याने कागद पुढे केला. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी घातलेला, कोरडा ठणठणीत. तिने उलगडला.

त्याच्या सहीखाली अंगठा उठला होता. तिचा नाही, तिने तर नुसत्या कडा धरल्या होत्या. मोठा, पुरुषाचा. शाई नाही, नुसतं पाणी.

तो कागद गेल्या महिन्यात तिने मला दाखवला. मी बोट लावून पाहिलं. तो अंगठा अजून ओला आहे.