मागच्या खोलीतलं श्वासाचं मशीन

हे मी रचलेलं नाही. ग्लेंडा पेल्केने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आणि खोटं रचायला जी कल्पनाशक्ती लागते, ती ग्लेंडाकडे कधीच नव्हती.

ही रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, आमच्या कागद गिरणीच्या गावात, गेल्या फेब्रुवारीत घडलेली.

ग्लेंडाचा नवरा नॉर्मंड कायम रात्रपाळीला. सकाळी सातला घरी यायचा, जाड पडदे ओढून झोपायचा. घोरणं असं, की कपाटातल्या बशा वाजायच्या.

मधेच ते थांबायचं...

श्वाससुद्धा थांबायचा...

मग बुडता माणूस वर यावा तसा एक आचका. पुन्हा सुरू.

तपासणी झाली. झोपेत तासाला एकसष्ट वेळा श्वास थांबतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मशीन लावा. गिरणीनेही बजावलं, मशीन लावून झोपल्याची नोंद दाखव, नाहीतर ओंडके उचलायचा लोडर चालवू देणार नाही.

मशीन घरी आलं. बुटांच्या खोक्याएवढं. त्याला लांब नळी, नळीला नाकावरचा मास्क.

"हे तोंडाला बांधून झोपू? मी काय लढाऊ विमान चालवतोय?"

"नको बांधूस. मग मागच्या खोलीत जाऊन घोर," ग्लेंडा फणकारली. "दिवसभर ऐकून माझं डोकं फिरतं, नॉर्म."

नॉर्मंडचा चेहरा उतरला.

मागची खोली त्याच्या थोरल्या भावाची होती, ल्यूशियनची, म्हणजे लूशची. चार वर्षांपूर्वी तो तिथेच झोपेत गेला होता.

पण घाबरतो म्हणून कबूल करेल तो नॉर्मंड कसला! मशीन उचललं आणि गेला.

तासाभरात शिव्या घालत बाहेर आला. मास्क तिथेच टाकून सोफ्यावर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला. मशीनमधली नोंद तिच्याकडे आपोआप जायची.

"अभिनंदन, मिसेस पेल्के! रोज सात-सात तास! नव्या माणसाला एवढं जमत नाही हो."

ग्लेंडाने सोफ्याकडे पाहिलं. नॉर्मंड तिथे तोंड उघडं टाकून घोरत होता.

"तुमचं मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "तो तासभरसुद्धा लावत नाही."

"असं कसं? मास्कमध्ये कुणी श्वास घेतला, तरच ते तास मोजतं."

ग्लेंडाने फोन ठेवला.

आणि तिला ऐकू आलं...

मागच्या खोलीतून. सूंऽऽ... सूंऽऽ...

तिने दार ढकललं.

पलंग रिकामा. उशीवर मास्क. पण पडलेला नव्हता. त्याचे पट्टे ताठ ताणलेले होते, आत डोकं असल्यासारखे. खाली उशीला खोल खळगा.

सूंऽऽ...

थांबलं.

तिने मनात मोजलं. दहा... वीस... तीस...

उशीवरून आचका आला.

ती धावली आणि भिंतीतून वायर उपटली. पट्टे एकदम सैल पडले.

मागे वळली, तर दारात नॉर्मंड. अनवाणी, पांढराफटक.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मी लावलं की लूश ओढून घ्यायचा," नॉर्मंड म्हणाला. "म्हणून तर बाहेर यायचो."

स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी लूश असाच घोरत होता. मला झोप येईना. भिंतीवर बुक्क्या मारल्या. ओरडलो, मर एकदाचा! आणि... घोरणं थांबलं."

"मग?"

"मग काय? बरं वाटलं मला. सहा तास झोपलो, ग्लेंडा. इतका गाढ कधीच झोपलो नव्हतो."

ग्लेंडाला उठून निघून जावंसं वाटलं. ती बसून राहिली.

ते मशीन परत केलं. दुसरं आणलं. मागच्या खोलीला कुलूप घातलं. नॉर्मंड पुढच्या खोलीत झोपू लागला.

झोपू कसला!

डोळा लागला, की भिंतीवर धाड...

धाड... धाड...

पलीकडे कुलूपबंद खोली.

तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी नॉर्मंड रडकुंडीला आला. भिंतीला कपाळ टेकून म्हणाला, "बस कर, लूश. माझं चुकलं. तुला हवं ते घे, पण मला झोपू दे."

आवाज बंद झाला.

त्या दिवशी तो आठ तास झोपला.

मग दर आठवड्याला नोंदी येऊ लागल्या. श्वास थांबण्याचं प्रमाण, तासाला शून्य. दवाखान्यातली मुलगी खूश. गिरणी खूश. नॉर्मंडचा तर चेहराच बदलला. दाढी करताना शीळ घालायला लागला.

मार्चमधली गोष्ट. ग्लेंडा धुतलेले कपडे ठेवायला त्याच्या खोलीत गेली. मशीन संथ चाललं होतं. सूंऽऽ... सूंऽऽ... अगदी एका लयीत.

पण पांघरुणाखाली छाती हलत नव्हती.

तिने मोजलं. वीस... तीस... चाळीस...

छाती दगडासारखी. आणि मास्कमधून श्वास येतोय, जातोय.

तिने त्याला गदागदा हलवलं. तो आचका देऊन उठला.

"काय डोक्यावर पडलीयेस का? किती छान झोपलो होतो!"

तिने सांगितलं. तो हसला. नोंदींचा कागद तिच्या तोंडासमोर धरला. "शून्य! वाचता येतं ना?"

मशीन काढायला तो तयार नाही. काढलं तर लोडर गेला, आणि ही झोपही गेली.

आता ग्लेंडा रोज त्याच्या उशाशी खुर्ची टाकून बसते. मोजते. हलवते. शिव्या खाते.

परवा ती मला गिरणीच्या फाटकापाशी भेटली, त्याचा डबा द्यायला आली होती. डोळे खोल गेलेले.

मी विचारलं, "अजून चाळीसच?"



"हलवलं तरी आता नव्वदपर्यंत जातं," ती म्हणाली. "आणि कधीकधी, ग... माझा डोळा लागतो."