साडेपाचचा फुगा

ब्राह्मीला आधी फुगा दिसला आणि माणूस नंतर. कुपवाडच्या कारखान्यांमागचं मोकळं मैदान, त्यात वाऱ्यावर हिसके देणारा भलामोठा पांढरा फुगा, आणि त्याच्या दोरीला लोंबकळलेला एक लांबडा मुलगा. रस्त्यावरच्या तिच्या स्कूटीकडे बघून तो ओरडत होता, "आवं मॅडम, नुसतं बघताय काय… धरा की!"

तिने स्कूटी लावली आणि दोरी धरली. दोरीबरोबर त्याची बोटंही हातात आली. दोघांनीही ती लगेच सोडली नाहीत… फुगा उडून जाईल म्हणून, दुसरं काय!

"ह्यो कशाला सोडताय?"

"वरची हवा किती गार हाय ते बघायला. खाली डबी बांधलीया, ती चढता चढता कळवती." मग जरा थांबून, "तुमी कुठं निघालाय एवढ्या घाईनं?"

"कॉलेज सुटलं, आता मावशीकडं. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं."

"म्हंजे जैन! आमच्यात बी तसंच!" तो एकदम खुलला. "मी सन्मती."

त्या हिवाळ्यात ती रोज त्याच रस्त्याने गेली. आणि गंमत बघा, ती मैदानापाशी पोचली रे पोचली की फुगा सुटायचा. काय पण योग जुळतोय, असं तिला वाटायचं. मग दोघं माना वर करून उभी राहायची, फुग्याचा ठिपका होईपर्यंत.

"आज वर लय गारठा असंल," तो म्हणायचा.

"मग स्वेटर घालून पाठवायचा त्याला."

"इनून देताय का?"

ती हसून स्कूटीला किक मारायची. एवढंच. फेब्रुवारीअखेर फुगे सोडायचं ते केंद्र बंद झालं, तिची परीक्षा आली. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "जपून जावा." ती म्हणाली, "येते." फोन नंबर मागायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. आता ब्राह्मी साताऱ्याच्या एका संस्थेत हवेच्या तापमानाच्या जुन्या नोंदी तपासते. उपग्रह वरून अख्ख्या थराचं तापमान एकदम सांगतो, फुगा हवेतून चढत पायरीपायरीने मोजतो, आणि दोघांचं काही केल्या पटत नाही. उपग्रहाची फेरी वर्षागणिक थोडी थोडी उशिरा सरकते. फुग्याची डबी उन्हाने हवेपेक्षा जास्त तापते. दोघांच्या चुका काढून दोघांचं जुळवायचं, हे तिचं काम. पलूसहून आईचा फोन आला की ठरलेलं वाक्य असायचं, "आभाळातल्यांचं जुळवतीस, आन् तुझं कवा?"

सगळ्या केंद्रांचं जुळलं. अडलं ते कुपवाडचं, तेही त्याच एका हिवाळ्याचं. उपग्रहापेक्षा फुगा पाऊण अंशाने गार निघत होता. तोही रोज नाही… मधूनच एखादा दिवस अगदी चोख जुळायचा.

"सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तो हिवाळा गाळून टाका," नाथाजी सर म्हणाले. ते तिचे वरिष्ठ. "एका हिवाळ्यानं काय बिघडतंय?"

तिचं बिघडत होतं. तिच्यापाशी तेवढा एकच हिवाळा होता. आलेली दोन स्थळं तिने त्याच्याच पायी परतवली होती, आणि तरी त्या पोराच्या मनात काही होतं की आपणच वेड्यासारखं धरून बसलोय, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

शुक्रवारी तिने चोख जुळणाऱ्या दिवसांच्या तारखा काढल्या आणि त्या वर्षाचं कॅलेंडर समोर धरलं. सगळे रविवार. आणि अष्टमी, चतुर्दशी… अष्टमी, चतुर्दशी. रविवारी ती पलूसला घरी असायची. अष्टमी-चतुर्दशीला तिचा उपास. त्या दिवशी जेवायला पळायचं नसे, ती मावशीबरोबर मंदिरात बसलेली असायची.

नोंदीत वेळ होती साडेपाचची. साडेपाचला डबीला जेवढं ऊन लागेल, तेवढं ब्राह्मी मापातून वजा करत होती. पण फुगा ऊन उतरल्यावर सुटला असेल तर? मग ती न लागलेलं ऊन वजा करून त्याला उगीच गार ठरवत होती. कोडं सुटलं. फक्त पहिल्या अष्टमीचं माप तेवढं कशात बसेना. ते सगळ्यांत वाईट होतं.

शनिवारी संध्याकाळी तिने कुपवाड गाठलं. मैदानात आता शेड उभी होती. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "फुगेवाला सन्मती व्हय? त्यो काय, निळं शटर. मागं घर."

तो यंत्रांच्या पेट्या बनवत होता. कानापाशी थोडे केस पांढरे झालेले. त्याने मान वर केली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"साडेपाचचा फुगा किती वाजता सोडत हुता तुमी?" तिने दारातूनच विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"साडेपाचलाच की… नोंदवहीत हाय न्हवं?"

"नोंदवहीत हाय. पर आता त्या नोंदी मी तपासते, आन् उपग्रह न्हाई म्हनतोय."

"त्याला काय कळतंय!"

"त्याला एवढं कळतंय, की रविवारी आन् उपासाच्या दिवशी तुमी अगदी येळेवर असायचा."

त्याचे कान लाल झाले.

"तुमी दिसल्याबिगर दोरी सुटायचीच न्हाई हातनं," तो हळूच म्हणाला. "येळ मातर साडेपाचच लिवायचो. सायेब लय कडक."

"मग पैल्या अष्टमीला काय झालं?"

"त्या दिवशी काळोख पडंस्तवर हुबा हुतो. वाटलं, गाडीवरनं पडलाबिडला का काय. घरी आलो तर आई म्हनली, आज अष्टमी, तिचा उपास असंल की रं. तवापासनं कॅलेंडर खिशातच." त्याने मान खाली घातली. "चुकलंच माझं. तुमचं काम खराब केलं मी."

"चूक माझी बी हाय," ब्राह्मी म्हणाली. "मावशीचं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत हुतं. चालत पाच मिनिटं."

त्याने हिशेब करायचा प्रयत्न केला. "म्हंजे… कुपवाडवरनं…"

"चौदा किलोमीटर. येऊन-जाऊन."

"रोज?"

"रविवार आन् उपास सोडून."

तो हसायला लागला आणि हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागला. तीही रडली, लपवलं नाही. मग तिने पर्समधून कागद काढला आणि त्याच्यासमोरच लिहिलं: फुगे सरासरी वीस मिनिटे उशिरा सोडले गेले, कारण समजले आहे, हा हिवाळा ठेवावा.

बाहेर ऊन कलत होतं. तिने शटरबाहेर बघितलं.

"दिवस मावळायला अजून वीस मिनिटं हायत," ती म्हणाली. "आईंना इचारा, आनखी एक ताट वाढतील का?"

तो मागच्या दाराशी धावलाच. "आई! दोन ताटं वाढ गं!"

"दुसरं कुनाला?"

"ती… फुगा धरनारी!"

आतली भांड्यांची खुडबुड थांबली.

"आली व्हय एकदाची?"

ब्राह्मीने उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि ती आत गेली.