सायकलवरचा स्वेटर

घरात आणलेली व्यायामाची सायकल शेवटी कपडे टाकायच्या कामाला येते, हे नर्सबाईंनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. "चालायला रस्ते काय कमी पडले तुम्हाला?" पण ते जाहिरातीला पुरते भुलले होते. ग्रंथपालाची नोकरी, अख्खा जन्म खुर्चीत गेलेला. त्यात या सायकलच्या मुठींवर धातूच्या पट्ट्या होत्या. त्या धरल्या की समोरच्या छोट्या पडद्यावर लाल बदाम नाडीच्या ठोक्याबरोबर लुकलुके. याचं त्यांना कोण अप्रूप! आठवडाभर गळ्यात टॉवेल टाकून, आखाड्यात उतरल्याच्या थाटात त्यांनी पेडलं मारली. मग मुठींवर एक शर्ट आला, मागोमाग पायजमा, आणि थंडीत करडा स्वेटर. स्वेटरची घडी घालणं हे काम त्यांनी उभ्या आयुष्यात कधी केलं नाही. बाई रोज कुरकुरत आणि स्वेटर तिथेच राही.

ग्रंथपाल गेले, त्याला वर्ष होत आलं. स्वेटर अजून तिथेच होता.

मुलगी हात धुऊन मागे लागली होती, की आता एकटी राहू नकोस, सामान काढून टाक आणि माझ्याकडे ये. कपाटं गेली, पलंग गेला. सायकल आणि एक खुर्ची तेवढी उरली. खालच्या मजल्यावरची नवी सून ती बघून गेली. "काकू, घेण्यासारखी असते का हो ही? की नुसतंच फॅड?"

"सांगते दोन दिवसांत," बाई म्हणाल्या.

विकायची तर चालू करून दाखवायला हवी, म्हणून त्यांनी पडद्यात नवे सेल घातले. पडदा उजळला. बदामाच्या जागी नुसत्या दोन रेघा आल्या, आणि ते बरोबरच होतं, कारण मुठी कुणी धरल्या नव्हत्या. त्या हात पुसून परत आल्या, तेव्हा बदाम लुकलुकत होता.

स्वेटरच्या दोन्ही बाह्या मुठींवर लोंबत होत्या.

बाई काही भित्र्या नव्हत्या. लोकर दमट असेल, असं म्हणून त्यांनी स्वेटर गच्चीत कडकडीत उन्हात वाळवला. मुठींवर आधी स्वतःची शाल टाकून पाहिली. रेघा. मग स्वेटर टाकला. थोड्या वेळाने बदाम हलला. चार-पाच ठोके नीट पडले, मग एक गाळला गेला, मग पुन्हा नीट.

हा गाळलेला ठोका त्यांच्या बोटांना पाठ होता. "तुमचं हृदय मध्येच पान उलटायला थांबतं," असं म्हणून त्या नवऱ्याला चिडवत असत.

अनोळखी माणसांची मनगटं त्यांनी शेवटच्या ठोक्यापर्यंत हातात धरली होती. नवऱ्याचंच तेवढं राहून गेलं. "जा, चहा पिऊन ये, दमलीस," असं ते म्हणाले, म्हणून त्या खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गेल्या. परत आल्या तर चादर तोंडावर ओढलेली होती. त्या दिवसापासून चहा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

आता त्या खुर्ची ओढून सायकलशेजारी बसल्या आणि बाहीच्या टोकाशी दोन बोटं ठेवली. बोटांना नुसती लोकर लागत होती.

दोन दिवस त्या जवळजवळ तिथेच होत्या. खालची सून बेल वाजवून परत गेली. मुलीचा फोन आला.

"आई, आवाज असा का येतोय? काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय जरा."

"एकटीच?"

बाहीवरची बोटं तशीच ठेवून बाईंनी फोन बंद केला.

ठोके मंद होत चालले होते. गाळलेल्या जागा लांबत होत्या. दम लागलेला माणूस जिना चढताना कठड्याला धरून थांबतो, तसा बदाम थांबे आणि पुन्हा उठे. थांबे आणि पुन्हा उठे. बाई ठाण मांडून होत्या. या वेळी हलायचं नाही.

तिसऱ्या दुपारी त्यांना वॉर्ड आठवला. काही पेशंट असेच रेंगाळत. नातेवाईक हात धरून बसलेले असत आणि जीव काही केल्या सुटत नसे. मग बाईच त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगत, "जरा बाहेर चहा पिऊन या." ते बाहेर गेले की पेशंट जाई. असं किती घरच्यांना त्यांनी बाहेर पाठवलं होतं. हा वॉर्डातला जुना रिवाज त्यांनी एकदा घरी सांगितला, तेव्हा ग्रंथपालांनी हातातलं पुस्तक मिटून तो नीट ऐकून घेतला होता.

म्हणजे "जा, चहा पिऊन ये" म्हणताना ते त्यांच्या लक्षात होतं.

बाईंना रडू फुटलं. त्या बराच वेळ रडल्या. बदाम थांबला, आणि त्यांच्यासाठी पुन्हा उठला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी चहा पिऊन येते."

बोटं उचलायला फार जड गेली.

स्वयंपाकघरात त्यांनी आधण ठेवलं. चहा झाला. उभ्यानेच, घोट घोट करत, त्यांनी कप संपवला. कप विसळला आणि पालथा घातला.

मग त्या बाहेर आल्या.

पडद्यावर दोन रेघा होत्या. मुठी रिकाम्या होत्या.

स्वेटर सायकलच्या सीटवर होता. बाह्या आत दुमडलेल्या, गळा चुकीच्या बाजूला. पहिल्यांदाच घालणाऱ्याने घातलेली घडी.