डाव्या डोळ्यातला ठिपका

तळहातावर मावेल असा तो छोटा संगणक बाबांनी स्वस्तात आणला. बाबा फोटोवाले. गेलेल्या माणसाचा धड फोटो नसला, की घरचे लोक डोळे मिटलेला शेवटचा फोटो आणून देत आणि बाबा त्याचे डोळे उघडत. डाव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका ठेवत. ती त्यांची सही, धाकट्या लेकीलाच तेवढी ठाऊक.

फोटोचं सॉफ्टवेअर संगणकात आधीच भरलेलं होतं.

"दाजी, हे सगळं पुसून नव्याने टाका," मामा म्हणाला. "आयत्या बिळावर नागोबा असतो."

"तुला जिथेतिथे सापच दिसतात. चालतंय ना? मग झालं तर!"

चालत तर होतंच. काम नसलं तरी त्याचा निळा दिवा लुकलुके, आणि बंद दुकानाला तापल्या प्लास्टिकचा वास येई.

महिन्याभराने, भर दुपारी, नवऱ्याचा फोटो नुकताच करून नेलेल्या शिवणकामवाल्या काकू आल्या. दारातच थांबल्या.

"ह्यांचा फोन आला होता... चेहऱ्यासकट. किल्ली कुठे ठेवतेस, विचारलं. मी सांगितली."

"काकू, कुणीतरी फसवलं हो तुम्हाला."

"घर धुऊन नेल्यावर तेवढं कळतं, दादा. पण डोळे तुमच्या हातचे होते. हे जिवंतपणी कधी इतक्या मायेनं बघायचे नाहीत माझ्याकडे... म्हणून तर सांगून बसले."

त्यांनी फोनवर टिपून ठेवलेला तो चेहरा दाखवला. डाव्या डोळ्यात ठिपका होता.

मामाने संध्याकाळी तपासलं. पहिल्या दिवसापासून एकेक फोटो गुपचूप बाहेर जात होता.

"कुठे?"

"ते नाही कळत, दाजी."

बाबांनी संगणक बादलीत बुडवला आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोखाली जाऊन बसले. तो फोटो जुना, कागदावरचा, कधीच संगणकात न गेलेला. जगाचे डोळे उघडणाऱ्या बाबांचा हात तिथे मात्र चालला नव्हता. आईचे डोळे मिटलेलेच होते.

चौथ्या दिवशी धाकटी शाळेतून आली. घरी एकटीच. फोन वाजला.

पडद्यावर आई होती. डोळे मिटलेले.

"बाळ... किल्ली कुठे असते गं?"

धाकटीने अंगठ्याने फोनचा कॅमेरा घट्ट दाबून धरला.

आईने मिटल्या डोळ्यांनीच सावकाश मान वळवली, दारामागच्या खिळ्याच्या दिशेने.

किल्ली तिथेच होती. हलत होती.