उलटं पेर

सांगाडे जोडणाऱ्या बाईंचं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. वैद्यकीय कॉलेजातला सांगाडा विद्यार्थ्यांनी मस्ती करताना पाडला होता. त्याच्या उजव्या हाताची नि उजव्या पायाची बोटं निखळली होती आणि तिथं शिकवणाऱ्या मॅडमना तो परीक्षेआधी धडधाकट हवा होता. बाईंचा जीव मात्र घरी, लेकीपाशी. पोरीचा हात यंत्रात चेमटला होता. हाडं सांधली, प्लास्टर निघालं, पण बोटं काठीसारखी ताठच. शिवणकामावाचून त्या पोरीला दुसरं काही सुचत नसे. डॉक्टर नुसते "बघू" म्हणत, आणि त्या "बघू"चीच बाईंनी धास्ती घेतली होती.

सुट्टीमुळे इमारतीत चिटपाखरू नव्हतं. दुपार कलली होती. खोलीभर स्पिरिटचा वास. बाई एकेक हाड आपल्याच बोटाच्या पेराशी लावून बघत, मग तारेत ओवत. हाडं नाजूक होती, बाईमाणसाची.

"माझ्या लेकीची वाकत नाहीत, तुझी तरी वाकू देत गं बाई," त्या म्हणाल्या. हाडांशी गप्पा मारायची त्यांना सवयच होती. ती उलट उत्तरं देत नाहीत, एवढं सुख.

टक.

बाईंनी मान वर केली. खिडकी बंद. पंखाही बंद.

टक... टक...

आवाज टेबलावरूनच येत होता. जोडलेल्या हाताची अनामिका थरथरत होती. मिटायला बघत होती आणि अडत होती. बाईंना पळायचं सुचेना. नजर त्या बोटावर खिळली, आणि चूक दिसली. हाडाची सपाट बाजू तळहाताकडे हवी, आणि मधलं पेर त्यांनी उलटं बसवलं होतं. असं बोट पुढे वाकणार तरी कसं?

"थांब... थांब गं. माझंच चुकलं..."

त्यांनी तार सोडली, पेर फिरवलं, पुन्हा ओवलं. बोट सावकाश वाकलं. मागोमाग बाकीचीही. बाईंची करंगळी त्या गार मुठीत आली. मूठ हलकेच आवळली आणि सुटली.

बाईंनी घरापर्यंत धूम ठोकली. पायाची हाडं ताटलीत तशीच राहिली.

लेक दारातच उभी होती. तिनं आईचा हात धरला. घट्ट, पाचही बोटांनी. बाईंना रडू आवरेना. त्यांनी ती बोटं गालाला लावली, पुन्हा पुन्हा उघडमीट करून पाहिली.

"कधी गं? कसं झालं?"

"आत्ताच. एक ताई आल्यात, तुला ओळखतात म्हणे. त्यांनी माझं एकेक बोट धरून वाकवलं. हात फार गार होते त्यांचे, पण दुखलं नाही गं अजिबात."

"गेल्या...?"

"कशा जातील? उजवा पाय टेकवतच नाही त्यांना. तो तूच बरा करशील म्हणाल्या." पोरीनं आवाज खाली आणला. "आत बसवलंय मी."

बाईंनी लेकीचा हात आणखी घट्ट धरला.

"उद्या सकाळी... पहिलं तुमचंच काम, ताई," त्या आतल्या अंधाराकडे बघत म्हणाल्या.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.