लिओनाचा पांढरा टॉवेल

खोटं वाटत असेल तर आमच्या गल्लीत येऊन आर्डिथला विचारा. ती अजून तिथेच राहते. नेब्रास्कातल्या आमच्या हॅलवर्थ गावात, इंजिनं पाणी भरायची त्या जुन्या टाकीसमोर. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी हे तिच्याच घरात घडलं.

आर्डिथचे वडील ऑरिन मालगाडीचे ड्रायव्हर. तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वेगळी असायची. बायका आपल्या माणसाची शिट्टी ओळखून तव्यावर बटाटे टाकायच्या. ऑरिनची शिट्टी दोनदा लांब, आणि शेवटी थरथरत विरणारी. ती ऐकली की आर्डिथची आई लिओना खिडकीतून पांढरा टॉवेल हलवायची.

टॉवेल दिसला, म्हणजे घरी सगळं ठीक. तू जा पुढे.

नाही दिसला, म्हणजे... थांब. तुझी गरज आहे.

तो एकदाच दिसला नव्हता. लहानग्या आर्डिथला घटसर्प झाला होता. ऑरिनने अख्खी मालगाडी टाकीखाली उभी केली आणि धावत घर गाठलं. साहेबाने झापलं तर म्हणाला, "साहेब, माझ्या घरचा सिग्नल पडला नव्हता."

पुढे एका पुरात नाल्यावरचा पूल खचला. ऑरिन इंजिनासकट गेला. काही वर्षांनी गाड्या बंद झाल्या, रूळ भंगारात गेले, स्टेशनाचं म्युझियम झालं.

लिओना मात्र रोज टॉवेल हलवत राहिली. गाव हसायचं. आर्डिथ चिडायची.

"आई, कुणाला दाखवतेस? रूळसुद्धा राहिले नाहीत!"

"ज्याला दिसायचं त्याला दिसतं. तू आपली भांडी पूस."

त्या नोव्हेंबरात लिओना गेली. दफन झालं, लोक पांगले. आर्डिथ स्वयंपाकघरात एकटीच उभी होती. बाहेर अंधारून आलं.

वारा पडला. कुत्री गप्प झाली.

आणि मग...

दोनदा लांब. शेवटी थरथरत...

ती खिडकीकडे वळली.

कपाटातल्या बशा किणकिणू लागल्या. बंद खिडकीतून कोळशाच्या धुराचा वास आला. मोकळ्या माळावरून काहीतरी जड येत होतं.

पुन्हा शिट्टी. आता अगदी जवळून.

टाकीपाशी चाकं करकरली... वेग कमी होत होता.

आर्डिथला रडू फुटलं. म्हणजे बाबा रोज येत होते! आई खरंच सांगत होती. आज खिडकी रिकामी बघून त्यांच्या जिवाला किती घोर लागेल! तिने खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि जीव खाऊन हलवला.

"बाबा, मी आहे! मी आहे इथे!"

क्षणभर सगळं थांबलं.

मग एक छोटी शिट्टी आली. समजलं, अशी. चाकांनी वेग घेतला. आवाज पुलाच्या दिशेने लांब गेला... आणि विरला.

इतक्यात पोर्चवरची फळी करकरली.

आर्डिथने दार उघडलं. कुणीच नव्हतं.

पायरीवर आईची प्रवासाची बॅग होती. आर्डिथने ती बाहेर काढलीच नव्हती...

कुंपणापलीकडे म्हातारा क्लेटस उभा होता. एकेकाळी ऑरिनच्या इंजिनात कोळसा टाकणारा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शिट्टी ऐकली मी. पोरी, टॉवेल दाखवलास?"

"हो. बाबांना बरं वाटावं म्हणून."

क्लेटसने डोक्यावरची टोपी काढली.

"अगं वेडे, इतकी वर्षं ती त्याला 'अजून नको' म्हणत होती. आज तो तिला न्यायला थांबत होता. तू टॉवेल दाखवून गाडी पुढे जाऊ दिलीस."

त्या दिवसापासून आर्डिथच्या खिडकीत साधं फडकंही नसतं. दिवा न लावता ती रोज वाट बघते. शिट्टी पुन्हा कधी आली नाही.

फक्त अंधार पडताना पोर्चवरची फळी वाजते... उभ्या उभ्या दमलेलं माणूस पाय बदलतं तशी.

बॅग अजून पायरीवरच आहे. आर्डिथ दाराला कपाळ टेकून हळूच म्हणते, "आई, बाहेर थंडी आहे गं. आत ये ना."

आत कुणी येत नाही.