उतारीचं उत्तर

भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये. हे घडलं मंगळवारी, भर दुपारी अडीचला, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. अक्षर न् अक्षर खरं आहे. शेवटचं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझे मामा बस डेपोत वेळापत्रकं लावायचे. मामी दातांच्या कवळ्या बनवायची. सव्वीस वर्षं दोघं पत्त्यांतला ब्रिज खेळले, समोरासमोर बसून, जोडीदार म्हणून. मामी पक्की खेळाडू. मामा बोली लावण्यात वाघ, बचावात मात्र सगळा आनंदीआनंद.

बचावात, म्हणजे समोरच्या जोडीचा डाव पाडायचा असतो तेव्हा, जोडीदाराशी बोलायला बंदी असते. जे बोलायचं ते पानानं. तुम्ही उतारी केलीत, म्हणजे पहिलं पान टाकलंत, की समोरचा त्याला उत्तर देतो. मोठं पान टाकलं तर ‘हेच चालू दे’. लहान टाकलं तर ‘हे नको, दुसरं काही बघ’. इतकं सोपं. पण मामा कायम आपल्याच तंद्रीत. मामी दर बुधवारी त्यांना सरावाला बसवायची आणि दर बुधवारी डोक्याला हात लावून उठायची.

मग एके सकाळी मामी कामावरच कोसळली.

दहा दिवस ती यंत्रावर होती. तोंडात नळ्या, हात चादरीवर निपचित. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मामांना बाजूला घेतलं. आशा फारच थोडी आहे म्हणाले. यंत्र ठेवायचं की काढायचं, ते चारपर्यंत सांगा. लेकीनं तर हातच टेकले. बाबा, तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली.

मामांना काही सुचेना. नातेवाइकांच्या खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. खिशात पत्त्यांचा कॅट असायचाच. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी पत्ते पिसले आणि चौघांची पानं उपडी वाटली. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढेही तेरा.

आपली पानं उचलली. बदामाचा राजा टाकला. ओठ हलत होते, पण आपण काय पुटपुटतोय याचं त्यांना भान नव्हतं.

एसीची घरघर थांबली.

बाहेरची पावलंही थांबली...

टक.

मामी पान टाकताना नखानं टेबलावर एकदा अशीच टक करायची.

समोर एक पान सुलटं पडलं होतं. बदामाची दुर्री.

वाटताना घसरलं असेल. मामांनी सगळं गोळा केलं, पुन्हा पिसलं, पुन्हा वाटलं. इस्पिकचा एक्का टाकला.

टक.

इस्पिकची दुर्री...

त्यांनी चारही दुर्र्या शोधून शर्टाच्या खिशात घातल्या. उरलेले पत्ते वाटले. चौकटची राणी टाकली आणि समोर बघायचं धाडस होईना, म्हणून डोळे मिटले.

टक...

चौकटची दुर्री.

खिशात हात घातला. तीनच.

लहान पान. म्हणजे हे नको. तिला या नळ्या नको आहेत, हे मरणाचं जगणं नको आहे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मामांनी तिचं पान बघितलं होतं. ते रडत रडत डॉक्टरांकडे गेले आणि यंत्र काढा म्हणाले.

सव्वाचारला मामी गेली.

पुढे काही दिवसांनी लेक सहज बोलून गेली. त्या दुपारी ती चहा घेऊन दारात उभी होती. बाबांना तसं बघून आत यायचा धीर झाला नाही.

"पानं टाकताना तुम्ही सारखं एकच विचारत होतात, बाबा. ‘थांबवू का गं? थांबवू का?’"

मामांनी विचारलं होतं, यंत्र थांबवू का. आणि तिनं सांगितलं होतं, हे नको. एकदा नाही, तीनदा.

त्यानंतर मामा रोज दुपारी चौघांची पानं वाटायचे, उतारी करायचे आणि समोर बघत बसायचे. काही म्हणजे काही व्हायचं नाही. जेवण तुटलं, माणूस निम्मा झाला.

गेल्या महिन्यात त्यांनी मला समोर बसवलं. मी म्हटलं, तेवढंच त्यांना बरं वाटेल. त्यांनी इस्पिकचा राजा टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "रागावलीस का गं?"

मी मनाशी आधीच ठरवलं होतं. लहान पान टाकायचं. नाही रागावले, असं. मी इस्पिकची तिर्री निवडली. बोटांत तिर्रीच होती, कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे.

टक.

मी नख लावलं नव्हतं.

टेबलावर इस्पिकची दश्शी होती. तिर्री अजून माझ्या बोटांत...

मला वाटलं, आता मामा रडतील. त्यांनी पानं गोळा केली आणि पिसायला घेतली.

"परत विचारतो," म्हणाले. "तू बस."

आणि मी बसलो. अजून रोज दुपारी बसतो. लहान पान अजून एकदाही पडलेलं नाही.